उंदराचं मूत्रपिंड आणि नडगीचं हाड

वेल्ह्याहून केळदकडे निघालं की वाटेत पासली लागतं. तोरण्याच्या पाठीमागचा हा मुलूख भाताचा. पावसाळ्यात खाचरं, दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी, आणि भात भरडला की गिरणीच्या मागे तुसाचा ढीग. भाताचं तूस चुलीत जातं, वीटभट्टीत जातं, आणि देशातल्या कित्येक संशोधन संस्थांच्या प्राणिगृहांतही जातं. तिथे ते निर्जंतुक करून प्रयोगाच्या उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरतात.

उंदराला मधुमेह झाल्याची पहिली वर्दी बरेचदा हे तूसच देतं. निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यात ते काही दिवस कोरडं राहतं, मधुमेही उंदरांच्या पिंजऱ्यात एका रात्रीत भिजून जातं. रक्तातली साखर मूत्रात उतरते, साखर आपल्यासोबत पाणी ओढून नेते, आणि उंदीर तहानेने पाण्याच्या बाटलीला तोंड लावून बसतो. मग शेपटीच्या टोकाचा एक थेंब काढून तपासतात. त्यासाठी लागणारं ग्लुकोमीटर आपल्या घरातल्या आजोबांच्या ग्लुकोमीटरसारखंच. आकडा पुन्हा पुन्हा २५०च्या वर आला की साधारणपणे तो उंदीर मधुमेही धरला जातो.

इथून पुढे खरी मजा सुरू होते, कारण मधुमेहात उंदराच्या आतले काही अवयव वाढू लागतात. ते किती वाढले हे मोजणं दिसायला सोपं आहे. काढला, तोलला, लिहिला. प्रत्यक्षात जगभरच्या प्रयोगशाळा या मोजमापावर अजून डोकं खाजवतात, आणि त्या प्रश्नाचा एक धागा थेट पुणे जिल्ह्यातल्या गावांपर्यंत येतो.

काय वाढतं, काय आटतं

मूत्रपिंड पहिलं. मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, रक्तशर्करा चढल्यानंतर अवघ्या तीन दिवसांत मूत्रपिंडाच्या वजनात फरक दिसू लागतो. पुढच्या काही आठवड्यांत तो वाढतच जातो.

मूत्राशयही वाढतं. इतकं मूत्र साठवायचं आणि बाहेर ढकलायचं तर भिंत जाड होणारच.

आतड्याचं ऐकून मात्र बहुतेकांना नवल वाटतं. मधुमेही उंदीर अधाशासारखा खातो, तरी वाळतो. त्या खाण्याला पुरं पडण्यासाठी त्याचं लहान आतडं वजनाने आणि लांबीनेही वाढतं. म्हणजे शरीर झडतं आहे आणि त्याच शरीरातलं आतडं वाढतं आहे.

थायमस ग्रंथी आणि पानथरी मात्र आटतात. इन्सुलिन नसलेल्या उंदराची चरबी तर जवळजवळ नाहीशी होते.

हे झालं इन्सुलिन संपलेल्या, रोडावलेल्या उंदराचं. लठ्ठपणातून मधुमेहाकडे जाणाऱ्या उंदराचं चित्र निराळं असतं. त्याचं यकृत चरबीने भरून फिकट, पिवळसर आणि भलंमोठं होतं. शिवाय स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची जी बेटं असतात ती कित्येक पटींनी फुगतात, कारण वाढत्या मागणीला पुरवठा करायचा असतो.

उंदराला मधुमेह होतो कसा?

एक वाट मातीतून जाते. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ब्लू रॅपिड्स नावाच्या गावाच्या मातीत एक जिवाणू सापडला. त्यातून स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन निघालं. शोध चालला होता प्रतिजैविकाचा. १९६३ मध्ये लक्षात आलं की हे औषध प्राण्यांना दिलं की त्यांना मधुमेह होतो. त्याचा रेणू ग्लुकोजसारखा दिसतो, त्यामुळे ग्लुकोज आत घेणाऱ्या एका विशिष्ट वाहकातून तो पेशीत शिरतो. उंदराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर तो वाहक मुबलक असतो, म्हणून मरतात त्याच. पुढे १९८२ मध्ये याच रसायनाला अमेरिकेत स्वादुपिंडाच्या एका कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली.

इथे एक मेख आहे. तोच वाहक यकृतात आणि मूत्रपिंडातही असतो. तेव्हा मूत्रपिंडात दिसलेला बदल साखरेमुळे झाला की रसायनाच्या थेट माऱ्यामुळे, हे आधी निस्तरावं लागतं. चांगला संशोधक त्यासाठी काही उंदरांना इन्सुलिन देऊन पाहतो. साखर ताब्यात आल्यावर मूत्रपिंडाची वाढ थांबली तर दोष साखरेचा.

दुसरी वाट युद्धातून जाते. १९४३ मध्ये ग्लासगोत जॉन शॉ डन आणि त्यांचे सहकारी चेंगरलेल्या माणसांची मूत्रपिंडं का निकामी होतात याचा अभ्यास करत होते. त्यासाठी सशांना अॅलोक्सन नावाचं रसायन टोचलं, आणि मेल्या त्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. मूत्रपिंड पाहायला गेलेल्यांना मधुमेहाचा नमुना गवसला.

तिसरी वाट नुसत्या आहाराची. इजिप्त-इस्रायलच्या वाळवंटात एक गुबगुबीत उंदीर राहतो, खारट पाल्यावर जगणारा. त्याला प्रयोगशाळेत आणून इतर उंदरांचं नेहमीचं खाद्य दिलं, तर त्याला मधुमेह झाला. क्नुट श्मिट-निल्सन आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ना टोचणी, ना रसायन. त्याच्या अंगाला जे सोसत होतं त्याहून सकस जेवण मिळालं, एवढंच.

बार हार्बरचा भोपळ्याएवढा उंदीर

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४९च्या उन्हाळ्यात तिथे काही पिल्लं आपोआप अफाट लठ्ठ झालेली आढळली. त्यांच्या बिघडलेल्या जनुकाला ‘ओबी’ म्हणू लागले. १९६६ मध्ये त्याच संस्थेत दुसरा लठ्ठ आणि तीव्र मधुमेही उंदीर मिळाला, तो ‘डीबी’.

डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडल्या, एकाचं रक्त दुसऱ्यात फिरेल अशा. डीबीला जोडलेल्या निरोगी उंदराने खाणंच सोडलं आणि तो उपासमारीने मेला. ओबीला निरोगी उंदराशी जोडलं तर ओबीचं खाणं कमी झालं. यावरून कोलमननी अनुमान काढलं की रक्तात ‘पोट भरलं’ सांगणारं काहीतरी आहे. ओबीकडे ते तयारच होत नाही. डीबीकडे भरपूर आहे, पण त्याला ते ऐकू येत नाही. ते ‘काहीतरी’ १९९४ मध्ये जेफ्री फ्रिडमन यांच्या चमूने शोधलं, त्याचं नाव लेप्टिन. मधली इतकी वर्षं कोलमन यांच्या हातात तो पदार्थ नव्हता, फक्त तर्क होता, आणि तो अचूक ठरला. विज्ञानाच्या इतिहासातल्या सुंदर तर्कांत मी याला फार वरचं स्थान देते.

अवयवांच्या मापासाठी याच घराण्याकडून एक मोलाची गोष्ट कळली. ओबी जनुक ब्लॅक-सिक्स या काळ्या उंदरांच्या वंशात असेल तर स्वादुपिंडातली बेटं प्रचंड वाढतात आणि साखर पुढे बरीच सावरते. तेच जनुक त्याच्या जवळच्या दुसऱ्या वंशात घातलं तर बेटं थकतात, झडतात, आणि उंदीर तीव्र मधुमेही होतो. बिघाड तोच, खानदान वेगळं. म्हणून ‘उंदरात असं दिसलं’ एवढं वाचून थांबू नये. कोणत्या वंशाच्या, नर की मादी, हेही पाहावं. चरबीयुक्त खाद्यावर नर जितक्या सहज बिघडतात तितक्या माद्या बिघडत नाहीत.

तराजूपाशी

आता प्रत्यक्ष मोजणी. भारतात हे काम कोणी मनाला येईल तसं करू शकत नाही. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती आहे. किती उंदीर, का तेवढेच, वेदना कशी टाळणार, हे सगळं आधी लेखी मांडून मंजूर करून घ्यावं लागतं. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही पाया आहे: शक्य तिथे प्राणी टाळा, शक्य तितके कमी वापरा, आणि त्यांचा त्रास कमी करा.

वेदनारहित मरणानंतर मूत्रपिंड बाहेर येतं. ते राजम्याच्या लहानशा दाण्याएवढं, दीडशे-दोनशे मिलिग्रॅमचं. त्याला चिकटलेली चरबी चिमट्याने सोडवायची. वरचं पातळ आवरण सोलायचं. गाळणकागदावर हलकेच टिपून वरचं रक्त-पाणी घालवायचं, पण दाबायचं नाही, दाबलं तर आतलंही निघतं. मग काचेच्या दारांच्या तराजूत ठेवायचं. हा तराजू मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवतो, त्यामुळे दार उघडं राहिलं तर पंख्याच्या वाऱ्याने आकडे नाचतात. आणि रेंगाळलात तर आकडा डोळ्यांदेखत उतरू लागतो, कारण एवढासा ओला अवयव भराभर सुकतो. म्हणून पहिल्या उंदरापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना सारखाच वेळ द्यायचा. तोलणाऱ्याला कोणता उंदीर मधुमेही आणि कोणता निरोगी हे ठाऊक नसेल तर उत्तम, कारण चरबीचा शेवटचा कण काढायचा की राहू द्यायचा हे हात नकळत ठरवतो.

आकडा मिळाला. आता तो कशाने भागायचा?

मोठ्या उंदराचं मूत्रपिंड मोठंच असणार, म्हणून शरीराच्या वजनाने भागायची जुनी पद्धत आहे. समजा, २५ ग्रॅमच्या निरोगी उंदराची दोन्ही मूत्रपिंडं मिळून ३०० मिलिग्रॅम. म्हणजे दर ग्रॅमला १२. आता त्याच जातीचा मधुमेही उंदीर घ्या. तो वाळून २० ग्रॅमचा झालाय आणि मूत्रपिंडं तशीच ३००ची आहेत. भागाकार येतो १५. कागदावर २५ टक्के वाढ! मूत्रपिंड कणभरही वाढलेलं नाही. प्रवासी तेवढेच राहिले आणि एसटीच आखूड झाली, तर आत गर्दी वाढल्यासारखी वाटेल, तसं.

लठ्ठ उंदरात याच्या नेमकं उलट. ५० ग्रॅमच्या उंदराची मूत्रपिंडं ४०० मिलिग्रॅमची, म्हणजे खरोखर एक तृतीयांशाने वाढलेली. भागाकार मात्र ८. वाचणाऱ्याला वाटेल मूत्रपिंडं आक्रसली.

यावरचा उतारा निघाला नडगीच्या हाडात. प्रौढ उंदराची चरबी येते-जाते, स्नायू झडतात, पाणी कमी-जास्त होतं, पण नडगीची लांबी जागची हलत नाही. १९८२ मध्ये यिन आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या होत जाणाऱ्या रॅटच्या हृदयाची वाढ मोजताना हृदयाचं वजन नडगीच्या लांबीने भागायची कल्पना मांडली. आज मूत्रपिंडासाठीही ती सर्रास वापरतात. छोट्या उंदराची नडगी साधारण १८ मिलिमीटर. वरच्या तिन्ही उंदरांना ती लावून पाहा: निरोगी १६.७, वाळलेला १६.७, लठ्ठ २२.२. ज्याचं वाढलं त्याचंच वाढलेलं दिसलं.

नडगीही सर्वगुणसंपन्न नाही. पिल्लू वाढीच्या वयात असतानाच मधुमेह झाला तर हाडाची वाढच खुंटते. लेप्टिन नसलेल्या ओबी उंदराचं पायाचं हाड मुळात आखूड असतं. म्हणून समजूतदार संशोधक तिन्ही आकडे छापतो: नुसतं वजन, शरीराच्या मानाने, आणि नडगीच्या मानाने. वाचकाने स्वतः पडताळावं.

चिमूट-चिमूट

माणसाचं डावं मूत्रपिंड उजव्यापेक्षा थोडं वर असतं. उंदराचं उजवं वर असतं.

नर उंदराचं मूत्रपिंड मादीपेक्षा मोठं असतं, नर संप्रेरकांमुळे. नर-मादी एकाच ढिगात मोजले की ‘वाढ’ आपोआप तयार होते.

छोट्या उंदराला, म्हणजे माऊसला, पित्ताशय असतं. रॅटला नसतं.

उंदराचं यकृत दिवसभरात मापाने बदलतं. रात्री चरून झाल्यावर ते मोठं असतं, विश्रांतीच्या काळात लहान. जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हे दाखवलं. काही उंदीर सकाळी आणि काही संध्याकाळी तोलले तर मधुमेहाशिवायच फरक सापडेल.

प्रयोगशाळेत आपल्याला सुखाचं वाटणारं २२ अंश तापमान उंदराला थंड असतं. त्याला सुमारे ३० अंश मानवतं. थंडीत ऊब टिकवायला तो जास्त खातो, त्याचं हृदयही जास्त वेगाने धडधडतं.

आणि आपल्या औषधाच्या दुकानातल्या इन्सुलिनच्या बाटलीवर जी ‘युनिट’ छापलेली असतात, त्यांच्या इतिहासात ससे आणि उंदीर आहेत. इन्सुलिन किती जोरकस आहे हे आधी सशाची साखर किती उतरते यावरून ठरवत. पुढे औषधसंहितांमध्ये उंदरांची चाचणी आली: ठरावीक मात्रेने किती उंदरांना साखर उतरून झटके येतात याची मोजणी. आज रासायनिक पद्धतीने ते काम होतं, आणि ही प्रगती मला मनापासून मोलाची वाटते.

सुजलं, फुगलं की वाढलं?

वजन वाढलं म्हणजे काय वाढलं? पाणी, चरबी, साखरेचा साठा, की खरोखरचं मांस? तराजूला यातलं काही कळत नाही.

पाण्याचा प्रश्न सोपा. अवयव भट्टीत वाळवून पुन्हा तोलायचा. पेशींचा प्रश्न जरा खोल. प्रत्येक पेशीत डीएनए ठरावीक असतो, त्यामुळे डीएनएच्या मानाने प्रथिनं वाढली असतील तर पेशींची संख्या तीच राहून एकेक पेशी थोराड झाली. डीएनएही वाढला असेल तर पेशींची भर पडली. मधुमेही मूत्रपिंडात सुरुवातीला नव्या पेशींची थोडी भर पडते, मग मुख्यतः असलेल्याच पेशी थोराड होतात.

यकृताबद्दल माणसांतलं एक उदाहरण आहे. १९३० मध्ये फ्रान्समधले डॉक्टर पिएर मोरियाक यांनी काही मधुमेही मुलं पाहिली. वाढ खुंटलेली, पोट पुढे आलेलं, यकृत खूप मोठं. त्यात साठली होती पिष्टमय साखर, म्हणजे ग्लायकोजेन. साखर नीट ताब्यात आणली की असं यकृत परत लहान होतं. दोन मोठी यकृतं शेजारी ठेवली, एक चरबीचं आणि एक ग्लायकोजेनचं, तर नुसत्या वजनावरून ती ओळखू येणार नाहीत.

आकारमान मोजायला सतराव्या शतकातले इटालियन गणिती कावालिएरी अजून कामाला येतात. अवयवाचे सारख्या अंतरावर काप करा, प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ काढा, बेरजेला जाडीने गुणा. एमआरआय यंत्रातूनही मूत्रपिंडाचं आकारमान काढताना हेच करतात, फक्त तिथे काप चित्राचे असतात आणि उंदीर जिवंत. एकाच उंदराचं मूत्रपिंड मधुमेहाआधी आणि नंतर आठवड्याआठवड्याने पाहता येतं. त्यामुळे उंदीरही कमी लागतात.

मूत्रपिंड वाढतंच का?

या प्रश्नाचं उत्तर आता आपल्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत आलेलं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळं सूक्ष्म नलिका परत खेचून घेतात. त्यातलं सुमारे ९० टक्के काम एकाच वाहकाचं, त्याचं नाव एसजीएलटी-टू. मधुमेहात गाळल्या जाणाऱ्या साखरेचा लोंढा येतो, आणि नलिका हात आखडता घेण्याऐवजी जास्तच खेचू लागतात. कष्ट वाढले की पेशी थोराड होतात, नलिका लांबतात आणि जाड होतात. मधुमेही मूत्रपिंडाच्या वाढीतला मोठा वाटा या नलिकांचा असतो. शिवाय नलिकांनी साखरेसोबत मीठही खेचून घेतल्याने गाळणीकडे चुकीचा निरोप जातो आणि तिच्यावरचा दाब वाढतो.

मग तो वाहकच अडवला तर? १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला गेला होता. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं की तो दिला की मूत्रातून साखर जाऊ लागते. कित्येक दशकं ती एक गंमत म्हणून पडून होती. त्याच पदार्थाच्या धाग्यावरून आजची डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं बनली. मधुमेही उंदरांत ती मूत्रपिंडाची गाळण्याची अतिरेकी घाई कमी करतात. माणसांत मूत्रपिंड आणि हृदय या दोन्हींना त्यांचा फायदा मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला. भारतात आधी डॅपाग्लिफ्लोझिनचं आणि २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती खूप खाली उतरल्या. अर्थात घ्यायच्या की नाही हे डॉक्टरने ठरवायचं.

माणसातही मूत्रपिंड वाढतं, हे डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं. नव्याने मधुमेह झालेल्या तरुणांची मूत्रपिंडं मोठी होती आणि जास्त गाळत होती. इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पासली-केळद पट्ट्यातला माणूस शहरात तपासणीला आला की त्याच्या हातात सोनोग्राफीचा कागद पडतो. त्यावर किडनीची लांबी दहा-अकरा सेंटिमीटर, म्हणजे ‘साईज नॉर्मल’. घरचे निर्धास्त होतात. इतर बऱ्याच जुनाट आजारांत मूत्रपिंड आक्रसतं, पण मधुमेहात ते बिघडत गेल्यावरही मापाने नेहमीसारखं किंवा मोठं दिसू शकतं. त्यामुळे मधुमेही माणसाने मूत्रातल्या अल्ब्युमिनची तपासणी आणि रक्तातलं क्रिअॅटिनिन दरवर्षी पाहायचं असतं. लांबीच्या आकड्याने त्याचं काम भागत नाही.

पन्नास पिढ्यांची उपासमार

आता पुण्याचा भाग, आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत विलक्षण.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात काम केलेले आणि पुढे सिडनीला गेलेले आनंदवर्धन हर्डीकर, तसंच पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इतरांनी २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विस्टार जातीचे रॅट होते, तब्बल पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या वंशातले. त्यांची पिल्लं जन्मतः कमी वजनाची. पोटाच्या आतली चरबी मात्र जास्त. रक्तात इन्सुलिन जास्त, बी-१२ आणि फोलेट कमी. स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर मधुमेह होण्याचा धोका निरोगी वंशाच्या आठपट. म्हणजे दिसायला बारीक, आणि आतून मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

मग त्यांना दोन पिढ्या हवं तेवढं खायला दिलं. बिघाड भरून निघाला नाही. इन्सुलिनच्या जनुकाशेजारी पडलेल्या रासायनिक खुणाही पुसल्या गेल्या नाहीत.

दुष्काळ, कर्ज, एकवेळचं जेवण आणि मग अचानक आलेला बिस्किटं-तळणाचा काळ पाहिलेल्या आपल्या समाजाने हा अभ्यास जपून वाचावा. आजीच्या पोटातली भूक नातवाच्या रक्तशर्करेत उतरू शकते, याचा हा प्राण्यांतला ठोस पुरावा आहे.

सहा गावांतली बाळं

प्रश्न पुन्हा तोच, आकडा कशाच्या मानाने वाचायचा. या वेळी मापाखाली माणसाची बाळं आहेत.

१९९३ मध्ये डॉ. याज्ञिकांच्या पुढाकाराने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू झाला. बाळ जन्मलं की वजन, लांबी, डोकं, दंड, पोट यांची मापं टेपने आणि कातडीखालच्या चरबीची घडी चिमटायंत्राने घ्यायची. ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. सगळीच मापं लहान, पण सारखी लहान नाहीत. सर्वांत मागे होता पोटाचा घेर, म्हणजे पोटातले अवयव लहान. त्यामागोमाग दंड, म्हणजे स्नायू कमी. आणि सर्वांत कमी मागे होती पाठीवरच्या चरबीची घडी. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि ‘बारीक पण चरबीदार’ असं भारतीय बाळाचं वर्णन जगभर पोचलं. वजनकाट्यावर ते बाळ नुसतं ‘कमी वजनाचं’ होतं. पोट, दंड आणि पाठ वेगवेगळी मोजली म्हणून त्याची घडण कळली.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं टिपण आलं, दोन वैज्ञानिकांच्या छायाचित्रासह. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बीएमआय, हुबेहूब सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या शरीरात इन्सुलिनला झुंज द्यायला लावणारी चरबी बारीक दिसणाऱ्या अंगातही असू शकते, हे त्या एका चित्राने जेवढं समजावलं तेवढं कित्येक ग्रंथांनी समजावलं नसेल.

त्या गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्मी वजनाने कमीच होती. तरी मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तशर्करा अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. आईच्या पोटात वाढ कमी झालेल्या आणि लहानपणापासूनच साखर किंचित वर राहिलेल्या मुलांत हे जास्त होतं.

डॉ. याज्ञिकांच्या गटाने त्याआधीच, २०१२ मध्ये, पुढचं पाऊल टाकलं होतं. याच मुला-मुलींना किशोरवयात रोज अगदी थोडं, दोन मायक्रोग्रॅम, बी-१२ द्यायला सुरुवात केली. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकंही. गर्भ राहिल्यावर नव्हे, लग्नाच्याही आधीपासून. त्यांच्यापैकी मुली आई झाल्या तेव्हा जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासण्यासाठी घेतलं गेलं. बाळांच्या पोटाला, दंडाला आणि डोक्याला पुन्हा टेप लागली.